पुण्यातलं आकाशदर्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आणि आसपास होणाऱ्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत मी स्वयंसेवक म्हणून दुर्बिणीशेजारी उभा असतो. लोक खूप प्रश्न विचारतात आणि त्यांनी विचारावेतच. पण रांगेत मागे वीस-पंचवीस माणसं थांबलेली असताना नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ती उत्तरं इथे सवडीनं लिहिली आहेत. कोणत्याही संस्थेच्या वतीनं हे लिहिलेलं नाही. यातली मतं माझी आहेत.

शहरात एवढा उजेड आहे. मग गच्चीवरून किंवा टेकडीवरून काही दिसतं का?

दिसतं, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त दिसतं. चंद्र, शुक्र, गुरू, शनी आणि मंगळ यांना शहराच्या उजेडानं फारसा फरक पडत नाही. चंद्रावरची विवरं पेठेतल्या गच्चीवरून जेवढी स्पष्ट दिसतात तेवढीच शहरापासून दूर, वेल्ह्यातून दिसतात. गुरूचे चार मोठे चंद्र, शनीची कडी, मृगातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा ढग), कृत्तिकांचा पुंजका आणि सप्तर्षीतली वसिष्ठ-अरुंधतीची जोडी या गोष्टी मी भर वस्तीतून लोकांना दाखवल्या आहेत.

शहरातून गमावतो ती आकाशगंगा. अंधाऱ्या, स्वच्छ जागी नुसत्या डोळ्यांना एका वेळी अडीच-तीन हजार तारे दिसू शकतात. पुण्याच्या मध्यवस्तीत शंभर-दीडशे मोजता आले तरी पुष्कळ म्हणायचं. पण नवशिक्याला यात एक फायदाही असतो. शहरातून फक्त ठळक तारे दिसतात, त्यामुळे नक्षत्रांचे आकार पटकन ओळखू येतात. एकदम काळ्याभोर आकाशाखाली गेलेला माणूस पहिल्या रात्री गोंधळून जातो, त्याला मृगसुद्धा सापडत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की आधी महिनाभर स्वतःच्या गच्चीवरून आकाश बघा आणि मग बाहेर जा.

पुण्यात असे कार्यक्रम कोण भरवतं?

सगळ्यात जुनं नाव ज्योतिर्विद्या परिसंस्थेचं. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात स्थापन झालेली ही संस्था हौशी खगोल अभ्यासकांची देशातली सर्वांत जुनी संस्था मानली जाते. टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात तिचं ठिकाण आहे. व्याख्यानं, प्राथमिक अभ्यासक्रम, शहरातली आकाशदर्शनं आणि शहराबाहेरचे रात्रभराचे कार्यक्रम असं तिचं काम अनेक पिढ्या सुरू आहे, आणि तेही नोकरी-शिक्षण सांभाळून वेळ देणाऱ्या माणसांच्या बळावर.

दुसरं ठिकाण म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे डॉ. जयंत नारळीकर हे संस्थापक संचालक. संशोधन हे तिचं मुख्य काम असलं, तरी सामान्य माणसासाठी दार उघडं ठेवायचं हे धोरण तिथे सुरुवातीपासून आहे. शाळकरी मुलांसाठी तिथे मुक्तांगण विज्ञान शोधिका चालते.

तिसरी जागा अनेक पुणेकरांना माहीतच नसते. टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली सुरू झालेलं तारांगण आहे. देशातल्या अगदी सुरुवातीच्या तारांगणांत त्याची गणना होते. याशिवाय महाविद्यालयांचे खगोल गट, विज्ञान मंडळं आणि सोसायट्यांमधले हौशी लोकही कार्यक्रम करतात. तारखा साधारण आठवडा-दोन आठवडे आधीच जाहीर होतात, त्यामुळे त्या त्या संस्थेच्या पानावर अधूनमधून नजर टाकत राहावी लागते.

वर्षातला कोणता काळ चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मार्च ते मेही चांगला. जून ते सप्टेंबर आकाश ढगांच्या ताब्यात असतं आणि बहुतेक गट त्या काळात व्याख्यानं आणि अभ्यासवर्ग घेतात. ऑक्टोबरात परतीचा पाऊस कधी दगा देईल सांगता येत नाही. पण तो धुऊन गेल्यावरची पहिली स्वच्छ रात्र वर्षातल्या सगळ्यात सुंदर रात्रींपैकी एक असते, कारण हवेत धूळच उरलेली नसते.

हिवाळ्यातही एक अडचण आहे. थंड हवा जमिनीलगत साचते, तिच्यात धूर आणि धूळ अडकते आणि शहरातून क्षितिजाजवळचं आकाश गढूळ दिसतं. दिवाळीचे दिवस अमावास्येचे असले तरी फटाक्यांच्या धुरानं ते वायाच जातात.

एप्रिल-मेकडे लोक दुर्लक्ष करतात, याचं मला वाईट वाटतं. उन्हाळ्याच्या रात्री दक्षिणेचं आकाश जे देतं ते उत्तर भारतातल्या मंडळींनाही सहजी मिळत नाही. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे त्रिशंकू हा तारकासमूह दक्षिण क्षितिजाच्या वर दहा-अकरा अंशांपर्यंत चढतो, आणि नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ चोवीस अंशांपर्यंत येतो. अंधाऱ्या जागेवरून तो नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपक्यासारखा दिसतो, आणि आठ इंच व्यासाच्या दुर्बिणीत त्याचे असंख्य तारे सुटे होऊ लागतात. लंडनच्या माणसाला घरून अगस्त्य ताराही कधी दिसत नाही. आपल्याला तो थंडीत दक्षिणेकडे रोज दिसतो.

कार्यक्रम अमावास्येच्या आसपासच का असतात? पौर्णिमेला आकाश छान उजळलेलं असतं ना?

उजळलेलं असतं म्हणूनच. चंद्रप्रकाशात अंधूक तारे, तेजोमेघ आणि दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखी दूरची ताऱ्यांची विश्वं) बुडून जातात. म्हणून बाहेरगावचे रात्रभराचे कार्यक्रम अमावास्येच्या जवळच्या शनिवारी धरतात.

खुद्द चंद्र बघायचा असेल तर शुक्ल अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ निवडा. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या नाहीशा होतात आणि सगळं सपाट दिसतं. अष्टमी-नवमीला उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर सूर्य नुकताच उगवत असतो. तिथे डोंगरांच्या लांब सावल्या पडतात आणि विवरांच्या कडा उठून दिसतात. नवमीच्या सुमारास कोपर्निकस हे सुमारे ९३ किलोमीटर व्यासाचं विवर त्या सीमेवर येतं. त्याच्या तळाशी अजून काळोख असतो आणि वरच्या कडेवर ऊन आलेलं असतं. अर्धा तास थांबून पुन्हा बघितलं तर सावली सरकलेली कळते. शहरातल्या कार्यक्रमांसाठी म्हणूनच अष्टमी-नवमी सोयीची. सूर्य मावळताना चंद्र जवळपास डोक्यावर असतो आणि मुलांना जागरण करावं लागत नाही.

रात्रभराच्या कार्यक्रमात नेमकं काय होतं?

अंधार पडायच्या आत पोचायचं असतं. आधी ओळख आणि सूचना होतात. मग दिवे बंद करून नुसत्या डोळ्यांनी आकाशाची फेरी होते. ध्रुव कसा शोधायचा, शर्मिष्ठा कुठे, देवयानी कुठे, हे कोणीतरी हिरव्या लेझरनं दाखवतं. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो, म्हणजे जेवढा गावाचा अक्षांश तेवढीच ध्रुवाची उंची. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ सुमारे दहा अंश व्यापते, त्यामुळे क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर बघायचं. डोंगरामागे किंवा झाडामागे तो लपतो तो याचमुळे.

त्यानंतर दुर्बिणी. जेवण होतं, मध्यरात्री चहा होतो आणि पहाटेपर्यंत आकाश फिरत राहतं. हिवाळ्यातली एक पूर्ण रात्र जागलात तर संध्याकाळी पश्चिमेला हंस आणि अभिजित मावळताना दिसतात, मध्यरात्री मृग आणि व्याध डोक्यावर येतात आणि पहाटे पूर्वेला स्वाती व चित्रा वर आलेले असतात. एका रात्रीत जवळजवळ तीन ऋतूंचं आकाश बघून होतं. त्यातून जे शिकायला मिळतं ते कोणत्याही ॲपमधून मिळणार नाही.

मार्चमधल्या अमावास्येच्या सुमारास काही गट मेसिए मॅरेथॉन करतात. अठराव्या शतकातल्या शार्ल मेसिए या फ्रेंच खगोल निरीक्षकाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या यादीतल्या आकाशातल्या ११० वस्तू एका रात्रीत गाठायचा तो प्रयत्न असतो. नवख्यानं पहिल्याच वर्षी त्यात उतरू नये, पण शेजारी बसून बघावं जरूर.

सोबत काय आणायचं?

डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीच्या पायथ्याशी पहाटे जी थंडी पडते तिचा अंदाज शहरात राहून येत नाही. स्वेटर, कानटोपी, पायमोजे, अंगावर घ्यायला शाल किंवा पातळ गोधडी आणि खाली टाकायला चटई आणा. प्लास्टिकची चटई दव पडल्यावर खालून ओली होत नाही. पाणी आणि थोडा खाऊ घ्या. पायात बूट हवेतच. या भागात घोणस आणि फुरसं दोन्ही असतात आणि आपण अंधारात चालणार असतो. चप्पल घालून आलेल्यांना आम्ही चटईवरून उठू नका असं सांगतो, ते त्यांच्या काळजीपोटी.

टॉर्च आणायची तर तिच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद दोन-तीन घड्या करून रबरानं बांधा. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी मेहनत क्षणात पुसून टाकतो. मंद लाल उजेडानं तेवढं नुकसान होत नाही. मोबाइलचा पडदाही याच कारणासाठी खिशात ठेवायचा. गाडीनं येणाऱ्यांनी गाडी लावतानाच तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवावं. मधेच कोणी निघालं आणि हेडलाइट मैदानावर फिरले, की पन्नास जणांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

लहान मुलांना आणावं का?

संध्याकाळच्या कार्यक्रमाला अगदी चार-पाच वर्षांच्या मुलालाही आणा. रात्रभराच्या कार्यक्रमाला साधारण आठ-दहा वर्षांच्या पुढचं मूल असावं आणि त्याला आधी दुपारी झोपवावं. झोप आली तर चटईवर झोपू द्या, "पैसे भरलेत, बघ" असं म्हणून उठवू नका. आयपीसपर्यंत, म्हणजे दुर्बिणीला जिथे डोळा लावतात त्या भिंगापर्यंत, डोळा पोचत नसेल तर स्टूल मागा, मुलाला उचलून धरू नका. उचललेलं मूल हलतं आणि आधाराला दुर्बीण पकडतं.

दुर्बिणीतून बघताना मला काहीच दिसलं नाही. माझ्या डोळ्यांत दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. आयपीसला डोळा कसा लावायचा हे कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच. दोन्ही हात मागे बांधा, वाका आणि डोळा आयपीसच्या मधोमध, साधारण बोटभर अंतरावर आणा. आधी गोल उजेड दिसेल. तो पूर्ण गोल होईपर्यंत डोकं हळू मागेपुढे करा. दुसरा डोळा मिटण्याऐवजी हातानं झाका, म्हणजे चेहरा आवळला जात नाही. चष्मा केवळ जवळच्या किंवा लांबच्या नंबरचा असेल तर काढून बघा, फोकस तुमच्यासाठी जुळवून देता येतो. तिरकस नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा ठेवा.

ग्रह दिसता दिसता कडेला सरकून गेला, तर तुमचं काही चुकलेलं नाही. पृथ्वी फिरते आहे आणि हातानं हलवायच्या दुर्बिणीत शंभर-दीडशे पट मोठं करून बघताना ते फिरणं डोळ्यांना दिसतं. दीड-दोन मिनिटांत शनी एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो. स्वयंसेवकाला सांगा, तो पुन्हा मध्ये आणून देईल.

आणि घाई करू नका. लोक दोन सेकंद बघतात, "दिसलं, दिसलं" म्हणतात आणि बाजूला होतात. मागची रांग पाहून संकोच वाटतो, ते समजतं. पण गुरूवरचे पट्टे पहिल्या पाच सेकंदांत दिसत नाहीत. हवा थरथरत असते, ती मधूनच क्षणभर स्थिर होते आणि तेवढ्या वेळात सगळं स्वच्छ उमटतं. त्या क्षणासाठी तीस सेकंद थांबायचा हक्क तुमचा आहे.

तेजोमेघ करडा का दिसतो? फोटोत तर गुलाबी-निळा असतो.

मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, फक्त उजेड-अंधार ओळखणाऱ्या करतात. कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं, कधी तासन्‌तास प्रकाश साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. म्हणून मृगातला तेजोमेघ राखाडी धुरासारखा दिसतो. नजर थोडी बाजूला ठेवून, म्हणजे थेट त्याच्याकडे न बघता बघितलंत तर तो मोठा झाल्यासारखा वाटेल. त्या धुरात नवे तारे जन्माला येत आहेत आणि तुमच्या डोळ्यात शिरणारा प्रकाश सुमारे तेराशे वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश तर पंचवीस लाख वर्षांचा प्रवास करून आलेला असतो. हे माहीत असेल तर तो फिकट डाग बघायला मजा येते. माहीत नसताना लोक निराश होतात, म्हणून मी दाखवायच्या आधीच सांगतो.

शनीची कडी पूर्वी मोठी दिसायची. आता बारीक का?

शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि त्या फेरीत त्याची कडी आपल्याला वेगवेगळ्या कोनांतून दिसतात. साधारण पंधरा वर्षांतून एकदा ती कडेवरून दिसतात आणि जवळपास गायब होतात. मार्च २०२५ मध्ये ते झालं. आता ती दर वर्षी थोडी थोडी उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील.

मृग नक्षत्र जूनमध्ये लागतं, मग तुम्ही ते जानेवारीत कसं दाखवता?

हा प्रश्न विचारणारे बहुधा शेतीशी नातं असलेले लोक असतात आणि मला तो फार आवडतो. "मृग लागला" म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. ते होतं ७-८ जूनला. सूर्य जिथे असतो ते तारे दिवसा आकाशात असतात, त्यामुळे नेमक्या मृगाच्या पावसात मृग दिसूच शकत नाही. सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या दुसऱ्या बाजूला जातो आणि मृग रात्रभर दिसतो.

मराठी महिन्यांनी हे आणखी सोपं होतं. कार्तिकातल्या पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षातला मृगशीर्षाजवळ, पौषातला पुष्याजवळ, माघातला मघेजवळ आणि चैत्रातला चित्रेजवळ असतो. भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत असेल तर त्या रात्री कोणतं नक्षत्र डोक्यावर असेल याचा अंदाज ॲपशिवाय बांधता येतो.

उल्कावर्षाव बघायला कधी यावं?

ऑगस्टमधल्या पर्सिड्सची बातमी दर वर्षी येते. आपल्याकडे तेव्हा पाऊस असतो, त्यामुळे त्या नादी लागू नका. महाराष्ट्रासाठी खरा उल्कावर्षाव म्हणजे १३-१४ डिसेंबरचा मिथुन राशीतला, जेमिनिड्स. फेथॉन नावाच्या लघुग्रहानं मागे टाकलेल्या कणांतून पृथ्वी जाते तेव्हा तो होतो. बातम्यांतला "तासाला १२० किंवा १५०" हा आकडा आदर्श अंधाराचा आणि मिथुन थेट डोक्यावर असतानाचा असतो. चांगल्या अंधाऱ्या जागी तासाला चाळीस-पन्नास दिसल्या तरी रात्र सार्थकी लागली समजा.

चंद्र बघून बेत करा. डिसेंबर २०२६ मध्ये अमावास्या ९ तारखेला आहे, त्यामुळे जेमिनिड्सच्या रात्री चंद्र लवकर मावळेल आणि उरलेली रात्र अंधारी मिळेल. २०२७ मध्ये मात्र त्याच दिवसांत पौर्णिमा येते. उल्का बघायला दुर्बीण लागत नाही. चटईवर उताणं पडायचं आणि जास्तीत जास्त आकाश नजरेत ठेवायचं.

ग्रहण बघणं सुरक्षित आहे का? त्या वेळी जेवावं का?

चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी, बायनॉक्युलरनं, दुर्बिणीनं, कसंही बघा. त्यात काहीही धोका नाही.

सूर्यग्रहणात मात्र हयगय नको. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल यातलं काहीही चालत नाही. आयएसओ १२३१२-२ मानकाचा ग्रहणचष्मा वापरा आणि तो चुरगळलेला किंवा ओरखडे पडलेला असेल तर फेकून द्या. ग्रहणचष्मा लावून दुर्बिणीतून किंवा बायनॉक्युलरमधून कधीही बघू नका. भिंगानं एकवटलेलं ऊन तो चष्मा आणि डोळा दोन्ही जाळतं. दुर्बिणीचा सौर फिल्टर नेहमी पुढच्या तोंडावर, घट्ट बसवलेला असावा लागतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायची. झाडाखाली उभं राहिलात तर पानांमधल्या फटी हेच काम करतात आणि जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडतात.

जेवा, पाणी प्या, गर्भवती बाईंनीही नेहमीसारखं वावरावं. ग्रहण म्हणजे सावली. तिच्यामुळे अन्न नासत नाही आणि पोटातल्या बाळाला काही होत नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास ग्रहणाची सावली कारवार-अंकोल्याकडून भारतात शिरली होती आणि तेव्हा भीतीपोटी असंख्य लोक दारं-खिडक्या लावून घरात बसले. आयुष्यात एकदा मिळणारं दृश्य त्यांच्या हातचं गेलं, याची मला आजही हळहळ वाटते. आजींना वाद घालून हे पटत नाही. त्यांना गच्चीवर बोलवा आणि कागदावरची प्रतिमा दाखवा, त्या बहुधा बघतातच.

पुढच्या तारखा: २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर पुण्यातून खंडग्रास सूर्यग्रहण आहे, पण दिवस पावसाळ्याचे आहेत. ३१ डिसेंबर २०२८ ला रात्री पावणेदहा ते अकराच्या दरम्यान खग्रास चंद्रग्रहण आहे आणि तेव्हा आकाश निरभ्र असण्याची शक्यता मोठी. खग्रास सूर्यग्रहण भारतातून पाहायचं तर २० मार्च २०३४ ला लडाख-काश्मीरकडे जावं लागेल.

शून्य सावलीचा दिवस पुण्यात कधी असतो?

मे महिन्यात १३ तारखेच्या सुमारास, दुपारी बारा वाजून एकतीस मिनिटांच्या आसपास. मुंबईत त्यानंतर एक-दोन दिवसांनी. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांमुळे सूर्यच दिसत नाही. त्या क्षणी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे उभ्या पेल्याची किंवा पाइपाची सावली त्याच्याखालीच नाहीशी होते. शाळांना मेमध्ये सुट्टी असते, म्हणून सोसायटीतल्या मुलांना गोळा करून हा प्रयोग करा.

मुलाला दुर्बीण घेऊन द्यायची आहे. कोणती घेऊ?

आधी दुर्बीण नको. १०×५० बायनॉक्युलर घ्या. तो दहा पट मोठं दाखवतो आणि त्याची पुढची भिंगं ५० मिलिमीटरची असतात. चंद्रावरची मोठी विवरं, कृत्तिका, देवयानी, आणि हात भिंतीला टेकून धरलात तर गुरूचे चंद्रही त्यात दिसतात. आकाशाची हौस ओसरली तरी तो पक्षी बघायला कामी येतो.

वर्षभरानं उत्साह टिकला तर सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हातानं फिरवायची आरशाची दुर्बीण घ्या. दुर्बिणीची ताकद तिच्या आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासावर ठरते, पट किती यावर नाही. खोक्यावर "६७५ पट" असं मोठ्या अक्षरात छापलेली, लटपटत्या तिवईवरची स्वस्त दुर्बीण घेऊ नका. तिच्यातून चंद्र सोडून काही धड दिसत नाही आणि मुलाचा विरस होतो. घेण्याआधी दोन-तीन कार्यक्रमांत वेगवेगळ्या दुर्बिणींतून बघून घ्या, मालकांना मोकळेपणानं विचारा. आरसा स्वतः घासून दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळाही होतात. वेळ आणि चिकाटी असेल तर त्यासारखं शिक्षण नाही.

आरशावर किंवा भिंगावर दव पडलं तर रुमालानं पुसू नका, लेप खरवडला जातो. ते आपोआप वाळू द्या.

आयुकाची मोठी दुर्बीण आणि खोडदची रेडिओ दुर्बीण बघता येते का?

आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण घोडेगावजवळच्या गिरवलीला आहे. ती संशोधनासाठी आहे, तिथे फिरायला म्हणून जाऊ नका. आयुकाचं आवार बघायचा उत्तम दिवस म्हणजे २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये याच दिवशी लावलेल्या शोधाची ती आठवण. तिथला फूको लोलक पाच मिनिटं थांबून बघा. पृथ्वी फिरते याचा पुरावा डोळ्यांसमोर झुलत असतो.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण याच दिवसांत लोकांसाठी खुली होते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी तारांच्या जाळीची तबकडी वापरून त्या हलक्या आणि कमी खर्चात उभ्या केल्या. ज्या रेडिओ लहरी ती पकडते त्यांच्यासाठी जाळीची भोकं पुरेशी लहान असतात, त्यामुळे भरीव पत्र्याची गरजच पडत नाही. तिथे गेल्यावर मोबाइल बंद ठेवा. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या क्षीण लहरींपुढे तुमचा फोन म्हणजे प्रचंड गोंगाट असतो.

आकाशात सरळ रेषेत जाणाऱ्या दिव्यांची माळ दिसली. ते काय होतं?

नुकतेच सोडलेले, इंटरनेट पुरवणारे स्टारलिंकचे उपग्रह. एकटाच, न लुकलुकता, चार-पाच मिनिटांत आकाश पार करणारा तेजस्वी ठिपका असेल तर तो बहुधा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. लाल-हिरवे दिवे मिचकावत असतील तर विमान.

तुम्ही पत्रिका बघता का?

नाही. ग्रह कुठे आहेत, किती लांब आहेत आणि उद्या कुठे असतील हे आम्ही सांगू शकतो. त्यांच्यामुळे लग्न ठरेल की नोकरी लागेल हे सांगणाऱ्या दाव्यांना कोणताही पुरावा नाही. हा प्रश्न विचारलात म्हणून कोणी हसणार नाही, दुर्बिणीतून शनी बघा आणि मग आपण बोलू.

धरणाकाठच्या कॅम्पिंगच्या जाहिरातीत "स्टारगेझिंग" असतं. तिथे जावं का?

जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: रात्री दहानंतर दिवे आणि संगीत बंद होतं का, तारे दाखवणारा माणूस कोण आहे, आणि त्या रात्री तिथी कोणती. पौर्णिमेच्या शनिवारी हॅलोजनच्या उजेडात एक छोटी दुर्बीण लावून ठेवलेली असेल तर ते आकाशदर्शन नव्हे. जागा निवडताना शहराच्या दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला, भोर-वेल्ह्याच्या बाजूला असेल तर उत्तम. पुण्याचा उजेड मग पाठीमागे, उत्तरेकडे राहतो आणि दक्षिणेचं समृद्ध आकाश मोकळं मिळतं.

पुण्याबाहेरच्यांनी काय करावं?

मुंबई-ठाण्यात खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम अनेक वर्षांपासून प्रसिद्ध आहेत. वरळीचं नेहरू तारांगण १९७७ पासून आहे. नागपूरकरांना रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे, आणि त्यांच्याजवळ देशाचा एक मानही आहे: पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं क्षेत्र ठरला.

ढग आले तर पैसे परत मिळतात का?

शहरातले बहुतेक कार्यक्रम विनामूल्य असतात. रात्रभराच्या कार्यक्रमाचं शुल्क जेवण, बस आणि जागेसाठी असतं आणि ते खर्च आधीच झालेले असतात. नोंदणी करताना विचारून घ्या.

आमच्या सोसायटीत कार्यक्रम करायचा आहे. काय तयारी लागेल?

शुक्ल अष्टमीच्या जवळची संध्याकाळ निवडा. गच्ची मोकळी हवी. पाण्याच्या टाकीवरचे आणि जिन्यातले दिवे दोन तास बंद करण्याची परवानगी समितीकडून आधीच घ्या, ऐन वेळी किल्ली सापडत नाही. ज्येष्ठांसाठी खुर्च्या आणि लिफ्टपासून सोपी वाट ठेवा. दोनशे माणसांना एक दुर्बीण पुरत नाही, चाळीस-पन्नासांचे गट करा. वाट बघणाऱ्यांना कोणीतरी नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं दाखवत राहिलं तर कुणी कंटाळत नाही.

आणि त्याच बैठकीत दिव्यांचा विषय काढा. पेंचजवळच्या गावांत शंभरावर पथदिवे बदलून त्यांचा उजेड खाली वळवण्यात आला. आपल्या आवारातही हे करता येतं. दिव्याला वरून झाकण लावायचं, पांढऱ्या-निळसर दिव्याऐवजी पिवळसर दिवा घ्यायचा आणि फाटकावरचा फ्लडलाइट जमिनीकडे वळवायचा. रस्ता आणि पायऱ्या पहिल्याइतक्याच उजळ राहतात आणि वीजबिल कमी येतं. हे काम एका इलेक्ट्रिशियनचं, अर्ध्या दिवसाचं आहे.